कुंकवाची जागा

मुठा
१६ सप्टेंबर २०२५

चि. मनीष यास अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण आधी सांगते. रविवारी तू परत आणून दिलीस ती गिटार तुझ्या बाबांची, जनार्दनची नाही.

फोन केला नाही. एक तर इथे बोलणं तुटतं. दुसरं म्हणजे फोनवर तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणतोस आणि बघत नाहीस. शंभू रोज फुलांचा टेम्पो घेऊन तुमच्या मारुंजीवरून जातो. त्याच्या हाती हे पत्र देते. उत्तरही त्याच्याच हाती पाठव, कागदावर.

मी रागावले आहे, पण तुझ्यावर नाही. त्या दुकानदारावर. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्या बदलणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तू म्हणालास, पुण्यात ओळखीचा माणूस आहे, मी नेतो. मी विश्वासाने दिली. त्याने ठेवून घेतली आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरीच तुझ्या हातात दिली. तू घाईत असतोस, तुला कळलं नाही.

मला कशावरून कळलं ते लिहिते, म्हणजे तुला त्याच्याशी बोलता येईल. तुझे बाबा उजव्या हातात तांब्याचं कडं घालायचे. कार्यक्रमात ते कडं लाकडावर घासायचं. त्याने रंग गेला तो अर्धगोल, वेडावाकडा, कुठे खोल कुठे उथळ. या गिटारवरही रंग गेलेला आहे, त्याच जागी. पण सगळ्या रेघा एकाच दिशेने आहेत. माणूस एकाच दिशेने हलत नाही, सँडपेपर हलतो.

मागची झाकणी उघडली. आत सगळं नवं, चकचकीत. मी जे केलं होतं त्यातलं काहीच नाही. तुला ठाऊक आहेच, पण दुकानदाराला सांगायला लागेल म्हणून पुन्हा लिहिते. जनार्दनने आपली विजेवरची गिटार माझ्याकडे आणली तेव्हा ती मुकी होती. तारांखाली चुंबकावर तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते, तिच्यामुळे आवाज येतो. ती आतून तुटली होती. मी शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर नवी गुंडाळी भरली. केसासारखी तार, शिंक आली तरी तुटते. मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात ती पट्टी मी जुन्या कॅरमच्या स्ट्रायकरमधून घासून काढली. आवाजाचं बटण दादांच्या, तुझ्या आजोबांच्या, रेडिओचं लावलं. आयुष्यभर शाळेत विद्युतचुंबक शिकवला. तो घरात गायला लागला तो निवृत्तीनंतर.

जनार्दनला ते ऐकता आलं नाही. तो आधीच गेला.

त्यानंतर रोज दुपारी चहाच्या आधी मी वाजवते. मला तीन-चार चाली येतात, चांगल्या येत नाहीत. जाड तार छेडली की फळीवरची भांडी हलकेच किणकिणतात. तेवढ्यासाठी मी ती तार गरज नसतानाही छेडते. नव्या गिटारलाही भांडी वाजली. भांड्यांना निष्ठा नसते.

काल वाल्मीक आला होता. तुझ्या बाबांबरोबर ऑर्केस्ट्रात ढोलकीला होता तो. ऐकून म्हणाला, "अक्का, लई झ्याक वाजतंया! म्हातारी धाडली आन् पोरानं नवरी करून आणली की." त्याचे कान ढोलकीने केव्हाच गेले आहेत. त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

दुकानदाराकडे जा. भांडायला लागलं तर मला बोलाव. मी येते.

तुझी आत्या,
हेमलता

* * *

मारुंजी
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र मिळालं. ऑफिसमध्ये रिलीज चालू आहे म्हणून उशीर झाला, सॉरी.

आत्या, तुझा गैरसमज होतोय. गिटार तीच आहे. त्या माणसाने पूर्ण सर्व्हिसिंग केलं. जुने पार्ट किती दिवस टिकणार होते? त्याने ते बदलले. बॉडीला पॉलिश केलं, त्यामुळे ओरखडे वेगळे दिसत असतील. तुला सांगायचं राहिलं, ही माझी चूक. तू इतक्या कष्टाने केलेलं काम काढून टाकलं म्हणून तुला वाईट वाटणं साहजिक आहे. पण म्हणून गिटारच बदलली असं कसं म्हणतेस?

आणि वाल्मीककाका बाबांच्या शेजारी बसून इतकी वर्षं वाजवत होते. त्यांना आवाज आवडला ना?

तुला खात्री पटावी म्हणून एकच सांगतो. पुढच्या बाजूला, बटणांच्या खाली बघ. खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू आहे. पॉलिशमध्येही गेलं नाही. पुण्यातला दुकानदार गिटारला कुंकू कशाला लावेल? आपल्या घरातल्या माणसाशिवाय ते कुणाला सुचणार?

चष्म्याचा नंबर तपासून घे, प्लीज. ऋतिका पण हेच म्हणते. दसऱ्याला आम्ही येतोच आहोत.

तुझा,
मनीष

* * *

मुठा
२२ सप्टेंबर २०२५

मनीष,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य अगदी बरोबर आहे. आपल्या घरातल्या माणसाशिवाय ते कुणालाही सुचणार नाही.

बटणांखालचा तो लाल डाग मी आधीच पाहिला होता. पॉलिशचा असेल म्हणून सोडून दिला. तू सांगितल्यावर ओल्या फडक्याने पुसून बघितला. कुंकूच आहे, तेलात कालवलेलं. जुनं दिसावं म्हणून, नाही का?

आता ऐक. जनार्दनच्या गिटारला पुढच्या बाजूला कधीही कुंकू लागलेलं नाही. तो लावू द्यायचा नाही. कार्यक्रमाला पांढरा शर्ट घालायचा, पोटाशी गिटार धरली की डाग पडायचा. खंडेनवमीला त्याचा दरवर्षी बाहेरगावी कार्यक्रम. जाताना तो मुठ्याला थांबायचा, कारण आपल्या दादांची अवजारं इथे, पूजा इथे. ओसरीवर कोयते, कुदळ, पहार आणि शेवटी त्याची गिटार. सगळ्यांना पुढून कुंकू, आणि तिला मागून. जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, त्या डोक्याच्या मागच्या बाजूला. मीच लावायचे. "हेमे, टिकली नगं, बोट लाव," म्हणायचा, आणि निघायचा. दर वर्षीचं बोट आधीच्या बोटावर. शेवटी ते लाखेसारखं कडक झालं होतं. नख लावलं तरी निघत नव्हतं. या गिटारच्या डोक्यामागे काहीच नाही; दुकानदाराला ते सांगून उपयोग नव्हता म्हणून तुला आधी लिहिलं नाही.

तुला हे ठाऊक नाही, कारण तू त्या दिवशी आईबरोबर मारुंजीला असायचास. तू नंतर यायचास तेव्हा पाहिलास तो पुढून कुंकू लावलेला कोयता आणि कुदळ. म्हणून कुंकू पुढे लावलंस.

दुकानदाराने मला फसवलं असं मी आठवडाभर धरून चालले होते. त्याच्याशी भांडायला तुझ्या बाजूने उभी राहणार होते. त्या अनोळखी माणसाची मी मनातून माफी मागितली आहे.

एकच प्रश्न आहे. जनार्दनची गिटार कुठे आहे? बाकी काही लिहू नकोस.

हेमलता

* * *

मारुंजी
२४ सप्टेंबर

ती. आत्या,

हे पत्र मनीषचं नाही, माझं आहे. तुमचं पत्र शंभूने दारात माझ्या हातात दिलं. देताना त्याने आत बघितलं आणि म्हणाला, "वैनी, ही बाईंचीच गिटार न्हवं? मग तितं बाईंच्याकडं हाय ती कुणाची?" मी म्हटलं, बाईंनीच दिली आम्हाला. तो म्हणाला, "दिली? मला न्हाई वाटत. बाई शाळंत खडूचा तुकडा देत नव्हत्या कुणाला." तो गेल्यावर मी तुमचं पत्र उघडलं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र उघडू नये, पण उघडलं.

गिटार आमच्या हॉलमध्ये आहे. काचेच्या कपाटात, वर बाबांचा फोटो, आत दिवा. मनीषने मला सांगितलं होतं की आत्याने स्वतःहून दिली, तिचे हात आता चालत नाहीत. तुमच्याबद्दल वाईट वाटून मी तुम्हाला फोनवर बोटांचं विचारलं होतं, आठवतं? तुम्ही म्हणालात, "माझ्या बोटांना काय धाड भरलीय?" तेव्हाच मला कळायला हवं होतं. चष्म्याबद्दल मी काहीही म्हटलेलं नाही.

आणखी एक आहे, ते तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगते. सोसायटीच्या गणपतीत मनीषने ती गिटार स्टेजवर नेली होती. त्याने सांगितलं की बाबांनी जाताना ती त्याच्या हातात दिली. कुणीतरी विचारलं, इतकी जुनी गिटार चालू कशी? तो म्हणाला, मी स्वतः दुरुस्त केली. कॅरमच्या स्ट्रायकरचंही सांगितलं. लोक फार हसले, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, लग्नाआधी कधी केली असेल.

आज त्याला तुमचं पत्र वाचायला दिलं. तो ते घेऊन गॅलरीत जाऊन बसला आहे.

तुमची,
ऋतिका

* * *

मारुंजी
२६ सप्टेंबर

ती. आत्यास,

ऋतिकाने लिहिलंय ते सगळं खरं आहे. त्यामुळे मी काय लिहिणार? तरी लिहितो.

मी ती चोरायला नेली नव्हती. खरंच पट्ट्या बदलायला नेली होती. बदलून आणल्या, घरी ठेवली. गणपतीत एक दिवस "आमच्या घरातली वस्तू" असा कार्यक्रम होता. प्रत्येकाने काहीतरी आणलं होतं. कुणी पितळी दिवा, कुणी आजोबांचा बिल्ला. मी गिटार नेली. बाबांबद्दल पाच मिनिटं बोललो, आत्या. इतकी वर्षं या लोकांच्या शेजारी राहतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. तुझं नाव तोंडावर आलं होतं. पण तुझं नाव घेतलं असतं तर ती गोष्ट तुझी झाली असती. मला ती बाबांची आणि माझी हवी होती. एकदा तोंडातून गेलं, मग ती घरातून हलवता येईना. तू परत मागत होतीस. मग त्याच आकाराची दुसरी घेतली, रंग जुळवला, त्या माणसाकडून झिजवून घेतली. कुंकू मी लावलं. लावताना मला वाटलं, किती बारीक विचार केला मी.

तू लिहिलंस, खंडेनवमीला बाबा मुठ्याला थांबायचे. आत्या, मला हे आत्ता कळलं. आई दरवर्षी सांगायची की त्यांची गाडी सकाळीच सुटली. मी माझी पेन्सिलपेटी पूजेला मांडून बसायचो. ते तुझ्याकडे होते.

मला त्यांनी त्या गिटारला कधी हात लावू दिला नाही. "तारा तुटतील." आणि शेवटी दिली कुणाला? तुला. मी मुलगा आहे त्यांचा. माझा काहीच हक्क नाही का?

तू म्हणशील तसं करतो. पण एवढं एकदा सांग.

मनीष

* * *

मुठा
२८ सप्टेंबर २०२५

मनीष,

विचारलंस म्हणून सांगते.

पेन्सिलपेटीचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि गोठ्यात जाऊन आले. तुझ्या वाट्याला बाप कमी आला, हे खरं आहे. तो मला उरलेला मिळायचा असंही समजू नकोस. वर्षातून एकदा, ओसरीवर, बूट न काढता. पण ते दुःख आहे, हक्क नाही. दोन्हींची गल्लत करून तू चोरीला नाव शोधतो आहेस.

आता हक्काचं. जनार्दनने गिटार आधी मला दिली नव्हती, तुला देऊ केली होती. मी समोर बसले होते. रंगारी तुझ्या नव्या फ्लॅटचा हॉल रंगवत होते. तो म्हणाला, "मन्या, ठेवतोस का? वाजत नाही, पण ठेव." तू फोनमधून मान वर न करता म्हणालास, "बाबा, वाजत नाही तर कशाला? भंगारवाल्याला द्या ना." तो हसला. परत जाताना गाडीत ती मांडीवर घेऊन बसला होता. पौड आलं. मग म्हणाला, "हेमे, तू सायन्सची. तू बघ काय होतंय का." तुला हे आठवत नसेल. अशी वाक्यं बोलणाऱ्याला आठवत नाहीत.

मुकी होती तेव्हा ती भंगार होती. वाजायला लागल्यावर ती तुझ्या बाबांची झाली.

तू माझ्याकडे मागितली असतीस तर मी दिली असती का, हे मला सांगता येत नाही. कदाचित नसती दिली. पण एक दिवस तुमच्या गणपतीत घेऊन आले असते, आणि तू बाबांबद्दल बोलला असतास तेव्हा मी मागे बसून जाड तार छेडली असती. तेवढं नक्की. तू मला विचारलंच नाहीस. उलट माझे हात गेले म्हणालास, डोळे गेले म्हणालास, ऋतिकाच्या तोंडी नसलेले शब्द घातलेस. गिटार गेल्याचं मला इतकं लागलं नाही. मी दुकानदाराशी भांडायची तयारी करत होते, आणि तू मला चष्मा तपासायला सांगत होतास, ते लागलं.

बुधवारी खंडेनवमी आहे. गिटार घेऊन सकाळी ये. ऋतिकालाही आण, तिला मी बोलावलं आहे. तुझ्या हक्काचा निकाल त्या दिवशी लावू.

पत्र लिहू नकोस आता.

हेमलता

* * *

मुठा
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

देवघेवीची नोंद

मनीष व ऋतिका सकाळी गिटार घेऊन आले. अवजारांची पूजा झाली. गिटारच्या डोक्यामागे या वर्षीचं बोट मनीषने लावलं. जागा मी दाखवली. त्याने आधीच्या थरावर अंगठा फिरवून पाहिला आणि बराच वेळ तसाच धरून बसला. त्याला घाई केली नाही.

चहा झाला. त्यानंतर मी मनीषला विचारलं, "बापाची आहे म्हणतोस ना?"

"हो आत्या."

"मग बापाचं ते सगळं ने."

पेचकस घेऊन मागची झाकणी उघडली. मनीष म्हणाला, "आत्या, काय करतेस?" त्याला समोर बसवलं आणि प्रत्येक वस्तू काढताना दाखवली.

मनीष जनार्दन याच्याकडे सोपवलं ते असं: जनार्दनची गिटार, लाकूड, मान, खुंट्या आणि झिजलेला रंग जसाच्या तसा. मानेवरच्या नव्या पट्ट्या, त्या मनीषने बसवून घेतल्या म्हणून त्याच्या. डोक्यामागचं कुंकू. जनार्दनच्या वेळची तुटलेली तांब्याची तार, जी मी आजवर पुडीत जपून ठेवली होती, त्याच पुडीत. गळ्यात अडकवायचा पट्टा एक, घामाने काळा पडलेला.

माझ्याकडे ठेवलं ते असं: शिलाई मशीनवर भरलेली गुंडाळी. कॅरमच्या स्ट्रायकरची पट्टी. दादांच्या रेडिओचं बटण.

मनीषने आणून दिलेली दुसरी गिटार माझ्याकडे राहील. तिचा काही गुन्हा नाही. वरील तिन्ही वस्तू तिच्यात बसवीन. पुढचं कुंकू पुसून मागे लावलं आहे. तिची खरी झीज यथावकाश होईल.

मनीष म्हणाला, "आत्या, पण आता ही वाजणार कशी?"

मी म्हटलं, "तू दुरुस्त केली होतीस ना? कर."

ऋतिका मध्ये पडली नाही. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. गुंडाळी भरायला शिकायचं असेल तर दुपारी येत जा, असं तिला सांगितलं आहे. त्याला सांगितलेलं नाही. तोही ऐकत होता.

साक्षीला वाल्मीक होता. सही करण्याआधी त्याने विचारलं, "अक्का, लेक मुकी धाडताय व्हय सासरी?" त्याला सही करायला सांगितलं. त्याने केली.

देणार: हेमलता
घेणार: मनीष
साक्षीदार: वाल्मीक

देताना वस्तूची स्थिती: जनार्दनने माझ्या हाती दिली तशीच. वाजत नाही.